तिसरी पट्टी

"आधी ते मोबाईलातलं काढ," एकनाथराव म्हणाले, "मग भिंतीवरचं."

तेजश्री जिन्याच्या पहिल्या वळणावर उभी होती. वरच्या पायरीवर घरमालक एकनाथराव आणि त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरच्या उषाकाकू, कमरेवर हात ठेवून. गौलीगुड्यातल्या त्या तीन मजली इमारतीचा जिना इतका अरुंद की पळायचं म्हटलं तरी उलट्या पावली उतरावं लागलं असतं. तेजश्रीने तोही विचार करून पाहिला होता.

सिव्हिल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा तिचा प्रकल्प म्हणजे हा जिना. भिंतीला गेलेल्या तड्यावर तिने महिन्यापूर्वी काचेच्या पाच पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. तडा वाढला तर काच तुटते, नाही वाढला तर अख्खी राहते. इतकं साधं काम. दर मंगळवारी फोटो काढायचा आणि वर्गाच्या ब्लॉगवर, इन्स्टाग्रामवर टाकायचा. कौस्तुभ सरांचा तो हट्टच होता. लोक टीका करतील, करू द्या, तुम्ही फक्त माप दाखवा, असं ते वर्गात छाती पुढे काढून सांगायचे. लोकांनी खरोखरच टीका सुरू केली तेव्हापासून सर फोन उचलत नव्हते.

अभ्यास सोडून लोकांच्या घरांची बदनामी, असं एकाने लिहिलं. दोन लाईकसाठी काहीही करतात ही पोरं, असं दुसऱ्याने. तिने प्रत्येकाला नम्रपणे उत्तर दिलं, तशी टीका आणखी वाढली. मग कोणीतरी इमारतीचा पत्ताच खाली टाकून दिला. काल प्राचार्यांनी तिला उभ्यानेच सुनावलं होतं. तक्रार मिटल्याचं मालकाचं पत्र दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, पाचच्या आत टेबलावर नसेल तर प्रकल्प रद्द, म्हणजे वर्ष वाया. आता चार वाजून गेले होते.

"काकू, पत्ता मी नव्हता टाकला," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"जिना तर दिसला ना! चिक्कडपल्लीचे पाहुणे रेणूला बघायला येणार होते. फोटो बघून म्हणाले, तुमचा जिना चढायची भीती वाटते. माझ्या पोरीची इज्जत काय राहिली? कायकू टाकलीस गं? आम्ही तुला चहा पाजला, उभं राहायला स्टूल दिलं..."

तेजश्रीने मान खाली घातली आणि मोबाईल उघडला. चार मंगळवार. नक्की काढायचं का, असं त्याने प्रत्येक वेळी विचारलं आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगठ्याने हो म्हटलं. सगळं गेल्यावर तिला हलकं वाटलं. आपण इतक्या भित्र्या आहोत याचा रागही आला, पण तो नंतर.

"हं. आता हे खरवड. पत्र लिहून ठेवलंय मी," एकनाथराव खिसा थोपटत म्हणाले.

पहिली पट्टी बोथट सुरीने अलगद निघाली. एकनाथरावांनी ती झरोक्याच्या उजेडात धरली. "बघ. कुठं काय झालंय? चाळीस पावसाळे काढलेत या भिंतीनं. आणि तू कालची पोरगी आम्हाला शिकवायलीस."

दुसरीही अख्खी निघाली. तिसरी वर होती, छताच्या जवळ. उषाकाकूंनी घरातून स्टूल आणून पायरीपाशी आदळलं. तेजश्री चढली.

काच मधोमध तुटली होती. दोन्ही तुकडे आपापल्या जागी घट्ट चिकटलेले, आणि त्यांच्यामध्ये नखाचं टोक जाईल एवढी फट. आज शुक्रवार होता. मंगळवारी ही फट नव्हती.

मागे उभ्या असलेल्यांना तिची फक्त पाठ दिसत होती. तुकडे खरवडून मुठीत घेतले असते तर कोणालाच कळलं नसतं. पत्र मिळालं असतं, पाचच्या आत कॉलेजही गाठता आलं असतं.

"झालं का?" एकनाथरावांनी विचारलं.

"काका," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "ही तुटलीये."

"पोरांनी फोडली असंल."

यावर उत्तर उषाकाकूंनीच दिलं. "इतक्या वर कोणत्या पोराचा हात पोचतो, काका? तिलासुद्धा माझं स्टूल लागतंय."

बाहेर रस्त्यावरून एक बस स्टँडच्या दिशेने वळली आणि तेजश्रीच्या केसांत बारीक चुना पडला.

"मंगळवारी चांगली होती?" एकनाथरावांनी हळूच विचारलं.

"हो. फोटोत अख्खी होती."

त्यांनी भिंतीला टेकलेला हात काढून घेतला. तापलेल्या तव्यावरून काढावा तसा. मग तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

तेजश्री स्टुलावरून उतरली. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं, आपलंच खरं ठरलं म्हणून. पण तिला आधीपेक्षा जास्त भीती वाटत होती, आणि या भीतीत ती एकटी नव्हती. उषाकाकू तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर वर होती, दुसऱ्या मजल्याच्या दाराकडे.

"रेणू!" त्यांनी हाक मारली. "गॅस बंद कर आणि आहेस तशी खाली ये. वरच्यांनाही हाक मार."

"काय झालं गं, आई?" वर दार आपटलं. पायऱ्यांवर धाडधाड पावलं वाजली.

"पळू नको!" उषाकाकू ओरडल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. जोरात बोलायचीही त्यांना भीती वाटली असावी. "पळू नको, माय. हळू. एकेक पायरी ये."