दारापर्यंत

"आबा, मी वाट चुकले. बस भलत्याच रस्त्यानं आली. इथं सगळ्या इमारती सारख्याच दिसतात, आणि अजून उजाडलंही नाही."

फोनवर प्रतीक्षा होती, जर्मनीहून. कुसगावच्या फाट्यावर मात्र उन्हं चांगलीच वर आली होती. भिमाजीला त्या उन्हाचीच लाज वाटली. पोरगी नर्स म्हणून तिकडं गेली त्याला आठ दिवस झाले होते, आज कामाचा पहिलाच दिवस.

"कुणाला तरी इचार की."

"विचारलं. एक माणूस म्हणतोय, हॉस्पिटलपर्यंत बरोबर येतो. फोनची बॅटरी संपत आलीय, आबा. जाऊ का?"

भिमाजीला विचार करावाच लागला नाही. वीस वर्षं तो चहाची टपरी चालवत होता, पण आतल्या सुट्टीच्या बंगल्यांची वाट विचारणाऱ्याला त्यानं नुसतं बोट कधी दाखवलं नव्हतं. 'बोटानं मानूस पोचत न्हाई' म्हणत तो उकळता चहा खाली उतरवायचा आणि पाव्हण्याला थेट बंगल्याच्या दारात उभं करून यायचा. बायको म्हणायची, हा धंदा नव्हे, लष्कराच्या भाकरी आहेत. आपण भले, तर जग भलं, एवढंच त्याचं गणित.

"जा की बिनघोर. संगट येतो म्हननारा वाईट नसतो."

पावलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग थांबला.

"आबा, मॅपवर हॉस्पिटल मागं राहिलंय. हा मला..."

फोन बंद झाला.

भिमाजीनं पुन्हा लावला. पाच वेळा लावला, लागेना. दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला, तेही त्याला कळलं नाही.

"काका, हा बंगला कुठं आला?"

रिक्षातून उतरलेली एक मुलगी मोबाईल पुढं करून उभी होती. प्रतीक्षाच्याच वयाची, एकटीच. बंगल्याचं नाव वाचून भिमाजी सवयीनं उठला.

"चल, सोडतो. ही मधली वाट जवळची हाय."

नेहमीच्या पायवाटेनं तो दहा पावलं गेला. मागून कुणी येईना. वळून पाहिलं, तर मुलगी जागच्या जागी उभी, बॅग छातीशी घट्ट धरून. एकदा मोबाईलकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती.

"मॅपवर बंगला मागं दाखवतोय, काका."

भिमाजी होता तिथंच थांबला. या वाटेनं त्यानं कितीक जणांना नेलं होतं. त्यातलं कुणी भ्यालं असेल, हे आजवर त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

"बराबर हाय तुजं," तो कसाबसा म्हणाला. "जाऊ नगंस, पोरी. कुनासंगट बी जाऊ नगंस."

मुलगी केव्हाच सडकेला लागली होती. भिमाजी तिथंच वाटेवर उभा राहून, बंद फोन कानाशी धरून, तेच पुन्हा पुन्हा सांगत होता.