दोनच पेग

दवाखान्यातल्या मशीनच्या पडद्यावर सगुणाला रावजीचं हृदय धडधडण्याऐवजी नुसतंच लोळताना दिसलं. "हृदय सैल पडून मोठं झालंय," डॉक्टर म्हणाले. "रक्त नीट ढकलत नाही. रक्तवाहिन्या ताठरल्यात, बीपी वाढलंय. रोज किती घेता?" मिरकरवाडा बंदरावर वीस खलाशांवर गुरगुरणारा तिचा नवरा गुळमुळीत हसला. "संध्याकाळी दोनच पेग. त्यानं रक्त पातळ राहतं. बीपी वाढतं ते हिच्या कटकटीनं." सगुणाला किळस आली. छातीला वायरी चिकटलेल्या असतानाही हा माणूस खोटंच बोलत होता! "दारू सोडलीत तर हृदय अजूनही सावरेल," डॉक्टर म्हणाले. "पण सोडतानाची औषधं खऱ्या आकड्यावर ठरतात." रावजीनं तिच्याकडे डोळे वटारले. आजवर गप्प बसलेली ती डॉक्टरांकडे वळली. "दोन पेग नाहीत, दोन क्वार्टर. रोज, बावीस वर्षं. आणि सोबतीला मांदेली मीच तळून दिली. तेही लिहा."