मेहुण्याची बहीण

ड्रायव्हरची बायको गेली, त्या दिवशी तिचा थोरला भाऊ घरी आला. बहिणीने या ड्रायव्हरशी पळून जाऊन लग्न केलं, तेव्हापासून तो या दाराकडे फिरकला नव्हता. माणसं पांगली तरी मेहुणा खुर्चीत बसूनच राहिला. आता हा आपली गचांडी धरणार, असं ड्रायव्हरला वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “लहानपणी ती शर्यतीत पडली होती ना? हनुवटीवर खूण होती.”

“कसली शर्यत? शेजाऱ्याचे पेरू चोरून पळताना पडली. मागे कुत्रा होता.”

“मला आयुष्यभर बनवलं की तिने.”

“तुला बनवायला कितीशी अक्कल लागते?” मेहुणा म्हणाला. मग त्याने विचारलं, “माझं नाव काढायची का कधी?”

“रोज. पण शिवी घातल्याशिवाय नाही.”

“कोणती?”

ड्रायव्हरने सांगितली. मेहुण्याचे डोळे भरून आले.

“मीच शिकवली होती तिला.”

आता मेहुणा दर रविवारी येतो. एक गोष्ट तो सांगतो, एक ड्रायव्हर. मेहुण्याच्या गोष्टींत ती सातवीत पोचली आहे. तिच्या लग्नाचा विषय अजून दोघांनीही काढलेला नाही.