मोजणीचा आठवडा

कृष्णाबाईने चार वर्षांत गावची वेस ओलांडली नव्हती. तिलाही हिरामणने हाताला धरून गाडीत चढवलं.

कुठं नेतोस रं मला, म्हणून तिने विचारलं. गडबपर्यंत, तो म्हणाला. तिथं उतरायचं आणि गोविंदाच्या बैलगाडीतून परत यायचं. म्हातारीला त्यात काही अर्थ दिसला नाही, पण खिडकीची जागा मिळाली म्हणून ती गप्प बसली.

मोजणीचा तो सातवा, शेवटचा दिवस होता. खारदेवळीहून सकाळी सातला पेणला जाणाऱ्या एसटीत माणसं किती बसतात, ते लिहायला एक साहेब आठवडाभर पुढच्या सीटवर वही घेऊन बसत होते. माणसं कमी भरली तर गाडी बंद. गेल्या साली रोह्याकडच्या एका गावची अशीच गेली. मोजणी चालू असताना ते लोक खुशाल भात झोडत बसले होते. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा तो असा.

खरं सांगायचं तर खारदेवळीलाही रोजची गिऱ्हाइकं आठ-नऊच. मिठागरावर जाणारा बांधाने चालत जातो, त्याला एसटी काय करायची? पण अडीनडीला गाडी नसली की काय होतं, ते हिरामणला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी हौसा, त्याची बायको, अडली होती. तेव्हा गाडी नव्हती. बैलगाडीतून कासूच्या दवाखान्यापर्यंत नेईस्तोवर पोर गेलं. हौसा वाचली ती नशिबाने. त्यानंतर त्याने अर्ज केले, साहेबांचे उंबरे झिजवले, मिठागरावरचे खाडे केले आणि ही गाडी आणली. गाव म्हणायचं, हिरामणला एसटीचं वेड लागलंय. लागलंच होतं.

आता हौसाला पुन्हा दिवस होते. आठवा सरत आला होता. ती माहेरी, शेंडखारला होती. याच रस्त्यावर, दोन मैल पुढे. या खेपेला गाडी असेल, एवढंच ती माहेरी निघताना तो तिला बोलला होता.

म्हणून आठवडाभर तो घरोघर फिरला. घरटी एक माणूस रोज गाडीत पाहिजे. कोणी कुरकुरलं, कोणी शिव्या घातल्या, पण आले. बाबाजी तर एके दिवशी कोंबडी घेऊन आला. पेणला निघालोय म्हटल्यावर काहीतरी काम दिसायला नको का? शेंडखारच्या लोकांनाही हिरामणने सांगून ठेवलं होतं, स्टॉपवर गर्दी करा, टॉवेल हलवा, साहेबांना दिसू दे. रोज सकाळी दहा-बारा जण तिथे इमानाने टॉवेल हलवत उभे राहायचे. साहेबांना सगळं कळत नसेल असं नाही. पण त्यांना माणसं लिहायची होती, कारणं नाही.

शेवटच्या दिवशी मात्र गाव लोटलं. गाडीत मुंगी शिरायला जागा उरली नाही. हिरामण सगळ्यात शेवटी चढला आणि दाराच्या दांड्याला धरून पायरीवर राहिला. तोंड आत, पाठ बाहेर. मान वळत नव्हती.

एलियास कंडक्टर रेवदंड्याकडचा, निवृत्तीला आलेला, भला माणूस. एरवी तो वाटेत हात दाखवला तरी गाडी थांबवायचा. शेंडखार जवळ आलं तेव्हा तो माणसांच्या डोक्यांवरून पुढे बघत म्हणाला, लाल टॉवेल हलवतंय कोणीतरी. दोघं-तिघं दिसतायत.

"आपलेच हायत," हिरामण हळूच म्हणाला, साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मोजणीसाठी उभे हायत. भरली ना आता? सोड गाडी."

एलियासने घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी न थांबता पुढे गेली. मागून कोणी ओरडल्यासारखं वाटलं. रोजच ओरडायचे.

गडबला अर्धी गाडी रिकामी झाली. हिरामण पेणपर्यंत गेला. तिथे साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, एवढी माणसं असताना गाडी बंद कोण करील? चालू राहील.

हिरामणला हसू आलं नाही की रडू आलं नाही. आठवडाभर नीट झोपला नव्हता. त्याने हौसासाठी पेढे घेतले आणि दुपारच्या परतीच्या गाडीत बसला. गाडीत तो धरून चार माणसं होती.

साडेचारला तो शेंडखारला उतरला. सासऱ्याच्या अंगणात माणसं उभी होती. कोपऱ्यात दोघे हिरवा बांबू चिरत होते. ओटीवर हौसाचा भाऊ जनू बसला होता. मांडीवर लाल टॉवेल होता.

"गाडी चालू राहणार हाय," हिरामण म्हणाला. तेच सांगायला तो आला होता.

जनूने मान हलवली. पहाटेच कळा सुरू झाल्या, तो सांगू लागला. महिना बाकी होता, कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला धरून धरून रस्त्यावर नेली. पेणच्या दवाखान्यात पोचली असती तर दोघं वाचली असती, असं सुईण म्हणते. मग त्याने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मी गाडीच्या मागनं धावणार होतो, भावजी. तिनंच हात धरला. म्हणाली, दारात तेच उभे हायत, मी वळखलं. थांबवतील."