सुनिलची खिट्टी

झरी गावच्या गॅरेजात थोरला सुनिल रोज संध्याकाळी दुचाकी उचलायच्या लिफ्टची घडी घालून ती भिंतीला साखळीने बांधी. तिला वर अडकवून धरणारी लोखंडी खिट्टी मात्र सदऱ्याच्या खिशात ठेवी. सकाळी लिफ्ट वर गेली की ती खिट्टी धाकट्या भावाच्या, लहान्याच्या हातात देत म्हणे, "ही लावल्याबिगर खाली वाकलास, तर गाडी डोक्यावर घेऊनच घरी जाशील."

सुनिल तापाने गेला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याचा कामाचा सदराही चितेवर ठेवला गेला; खिसा पाहायचे कुणालाच सुचले नाही.

महिन्याने लहान्याने एकट्यानेच लिफ्ट उलगडली, मोटारसायकल वर चढवली आणि खाली वाकताना सवयीने हात मागे पसरला.



तळहातावर खिट्टी आली. ती अजून गरम होती.