न समजलेला धडा

विलेमिननं संगणकाच्या पडद्यावरच्या रेषेवर दुसरा चौकोन ठेवला आणि मुद्दाम कपाळाला आठ्या घातल्या.

"बघ, परत शून्यच आलं. तू तर म्हणालास, निम्म्या वेळा शून्य येतं, निम्म्या वेळा एक."

"चौकोन एकदा ठेवला तर, आई." योरिसनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. "दोनदा ठेवला की एककडे जाणाऱ्या दोन वाटा एकमेकींना पुसून टाकतात. मागच्या रविवारीही सांगितलं होतं."

"मागच्या रविवारीही कळलं नव्हतं."

तो हसला. तो काम करायचा ते खरं क्वांटम यंत्र याच डेल्फ्ट शहरातल्या प्रयोगशाळेत, या शुश्रूषागृहापासून दोन पूल ओलांडले की. ही शिकणाऱ्यांसाठी केलेली त्याची संगणकावरची नक्कल; रेषेवरचा एकेक चौकोन म्हणजे यंत्राला दिलेली एकेक आज्ञा. कितीही चुका, काही बिघडत नसे. विलेमिनला तेवढंच हवं होतं. पूर्वी योरिस कोट अंगात ठेवूनच कॉफी प्यायचा, डॉक्टरांना भेटायचा आणि निघायचा. 'तुझं काम मला शिकव' म्हटल्यापासून तो बसू लागला होता. ती चुका जपून करायची. फार सोपी चूक केली तर त्याला संशय येईल, फार अवघड केली तर त्यातच रविवार संपेल. आणि रविवार आता थोडेच उरले होते.

परिचारिका इल्हाम गोळ्या घेऊन आत आली. पडद्याकडं बघून म्हणाली, "अहो विलेमिनबाई, परत पहिल्यापासून? तुमचे तर सगळे धडे कधीच झालेत." मग योरिसकडं वळली. "परवा हॉलमध्ये यांनीच आम्हाला ते दोन वाटांचं समजावलं. माझ्यासारखीलासुद्धा कळलं बघा."

गोळ्या देऊन ती गेली.

"तुला येतं सगळं," योरिस म्हणाला.

"येतं."

तो उठून खिडकीशी गेला. कालव्यावरून एक नाव गेली, तिच्यामागं पाणी पुन्हा सपाट झालं, तरी तो पाठमोराच उभा होता. विलेमिननं माउसवरचा हात काढून पांघरुणाखाली घेतला.

बऱ्याच वेळानं तो परत येऊन बसला. नाक ओढलं. पडद्यावरचे दोन्ही चौकोन पुसून टाकले.

"कुठं अडलं होतं, आई?"

"अगदी सुरुवातीलाच," ती म्हणाली.