माळीबुवांचे हातमोजे

नातीच्या पोटात जंत निघाले, त्या दिवसापासून माळीबुवा घरातही रबरी हातमोजे घालून वावरत होते. जन्मभर मातीत हात घातलेला माणूस. आपल्याच हातून पोरीला लागण झाली, या धास्तीने त्यांनी तिला भरवणंसुद्धा सोडलं होतं. शेवटी सुनेने त्यांनाही तपासून घेतलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई हसल्या. "आजोबा, तुमच्या पोटात एकही जंत नाही!" "असं कसं? मातीत तर मीच राबतो." "म्हणूनच! जंतांशी झुंजून झुंजून तुमचं शरीर तयार झालंय. तुमच्या नातीचं अजून बालवाडीत आहे, शिकेल. तोवर तिला ही गोळी." "आणि हातमोजे?" "बागेत घाला. घरात साबण पुरे." नात कुणाच्याही हातून गोळी घेईना. माळीबुवांनी हातमोजे ओढून काढले, हात खसखसून धुतले, गोळी पुढे केली. तिने गोळीसकट बोटही चावलं. ते कळवळले, पण बोट मागे घेतलं नाही.